एका खोक्यातली जोडी

शफीनं हार्ड डिस्क कानाशी धरली आणि नखानं तिला हलकेच टिचकी मारली.

“चाचा, मडकं नाही ते,” वनिता म्हणाली. “वाजवून काय कळणार?”

“आवाज कळंल की.”

“तिचा आवाज येताच कामा नये. टकटक ऐकू आली की समजायचं, गेली.”

शफीनं ती खाली ठेवली आणि दुसरी उचलली. तिलाही टिचकी मारली. मग दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी मांडून बघत राहिला. एक काळपट, एक चकचकीत. एकीवरची चिठ्ठी हिरवी, दुसरीवरची पांढरी. वजनातही फरक होता; तळहाताला तो लगेच कळला होता.

“ह्या दोन येगळ्या कंपनीच्या हायेत.”

“मुद्दाम आणवल्यात पुण्याहून.”

“का? जोडी मिळंना व्हय?”

भोरच्या चौपाटीजवळ, भांड्यांच्या दुकानाच्या वर वनिताचा कॉम्प्युटरचा क्लास होता. खाली कुणी गिऱ्हाईक पातेली ठोकून बघत होतं, त्याचा टणत्कार जिन्यातून वर येत होता. वनिता मूळची भोंगवलीची. तिचे वडील आनंदराव जयंतीच्या जलशात पेटीवर बसायचे आणि गळा मोकळा सोडून गायचे, तेव्हा माईक शफीचाच असायचा. ही पोरगी त्याच्या ॲम्प्लिफायरच्या खोक्यावर डोकं ठेवून झोपलेली त्यानं पाहिली होती. त्या हक्कानं तो आता तिच्या क्लासात येऊन बसायचा, आणि तीही पुढची बॅच जिन्यात ताटकळत ठेवून त्याला समजावत राहायची. ह्या पावसाळ्यात तर आठवड्यातून दोनदा त्याची फेरी होती.

काम सांगायला साधं होतं. शफीच्या कापूरहोळच्या घरात कॅसेटींची चार खोकी होती. भोर-वेल्ह्यात जिथं जिथं सप्ताह बसला आणि शफीचा कर्णा वाजला, तिथलं कीर्तन त्यानं भरून घेतलेलं. कुणी सांगितलं नव्हतं. ॲम्प्लिफायरला एक वायर जास्तीची लावायची आणि टेपचं लाल बटण दाबायचं, एवढंच. पण त्यातल्या निम्म्याहून जास्त कॅसेटी एकाच माणसाच्या होत्या. मार्गासनीचे सर्जेराव बुवा. आणि त्या माणसाला आता आवाज नव्हता. दोन वर्षांमागं पुण्याच्या डॉक्टरांनी घशाची गाठ काढताना आवाजाची पेटीच काढून घेतली. जीव राहिला. गळ्याला एक भोक आणि त्यावर पांढऱ्या पंच्याची घडी, एवढं घेऊन बुवा घरी आले.

तेव्हापासून शफीला त्या खोक्यांकडं बघवत नव्हतं. जगातला बुवांचा सगळा आवाज तिथं होता, आणि फितींवर पांढरी बुरशी चढत होती.

“हे बघा चाचा,” वनितानं खुर्ची पुढं ओढली. “पुन्हा एकदा सांगते. डबा एकच. पण प्रोसेसर मी असा निवडलाय, की त्या एका डब्यात दोन कॉम्प्युटर नांदतील. जुन्या मशीनमध्ये ती सोय नाही, म्हणून तुम्ही सांगत होता ते बँकेतून निघालेलं मशीन मी नको म्हटलं.”

“एकात दोन कशाला लागत्यात पण?”

“तुमच्या घराला ओसरी आहे ना?”

“हाय की.”

“ओसरीवर कुणीही येतं. चपला घालून येतं, चिखलाचे पाय घेऊन येतं. उद्या लोक मोबाईलची कार्डं घेऊन येणार, चाचा, कीर्तन भरून द्या म्हणणार. त्या कार्डांत काय काय रोग असतात तुम्हाला ठाऊक नाही. त्यांना ओसरीवरच्या कॉम्प्युटरवर बसवायचं. आणि सगळा साठा आतल्या कॉम्प्युटरमध्ये. देवघरात. ओसरी घाण झाली तर धुऊन काढू. आत कुणी जायचं नाही.”

शफीच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच उजेड पडला. “हे झ्याक हाय. हे बुवास्नी आवडंल.”

“रॅम जास्त घेतलीय, दोघांना पुरली पाहिजे. कॅबिनेटला पुढं जाळी, तुमच्या दारात हायवेची धूळ. आणि दोन डिस्का. एकीवर जे लिहिलं जाईल तेच त्याच क्षणी दुसरीवर. एक गेली तरी दुसरी बोलत राहील. रात्रंदिवस चालू ठेवायचं.”

“ठेवू की. सप्त्यात वीणा कुठं खाली ठेवत्यात? एकाच्या गळ्यातनं दुसऱ्याच्या गळ्यात.” तो थांबला. त्याचं बोट पुन्हा त्या दोन डिस्कांवर गेलं. “पर मग ह्या दोघी सारख्या नगं का? आता बघ, कर्णं घेताना आमी काय करतू? एका खोक्यातली जोडी. न्हाईतर एक नाकात बोलतो, एक छातीत. ऐकणाऱ्याचं डोकं दुखतं.”

“इथं आवाजाचा प्रश्न नाही, चाचा. उलट वेगळ्याच बऱ्या. एकाच दिवशी एकाच कारखान्यातून निघालेल्या डिस्का एकाच दुखण्यानं जातात म्हणतात. एकीच्या मागोमाग दुसरी.”

“मंजी जुळं भाव काय एकाच दिवशी मरत्यात व्हय?” शफी हसला. मग हसू मावळलं. “तुला सांगू का पोरी, बुवांच्या गळ्यातलं टाळ तुला ठावं हायेत? एक फुटला व्हता कवातरी, तवा त्याला दुसराच जोडला. एक चढा, एक उतरता. बुवा आपलं म्हनायचं, एक सासरचा, एक माहेरचा, नांदत्यात बिचारं. लोक हसायचं. आन मी हितं ॲम्प्लिफायरवर बसून बटण फिरवायचो. जलमभर फिरवलं. तो येडावाकडा नाद दाबायला. आता त्यास्नी कायमचं ठेवायचं, तर निदान जोडी तरी सारखी आसू दे.”

जिन्यात पोरांची कुजबुज वाढली होती. वनितानं घड्याळाकडं पाहिलं. सकाळपासून ती चार बॅचेसपुढं बोलली होती, घसा धरला होता. एक क्षण ती काहीतरी म्हणणार असं वाटलं. मग तिनं चकचकीत डिस्क उचलून खोक्यात घातली.

“बरं. दुकानदाराला फोन करते. बदलून देईल.”

“एका खोक्यातली म्हन.”

“एका खोक्यातली.”

*

श्रावणात डबा घरी आला. शफीच्या बायकोनं, बानोनं, त्याच्यासाठी भिंतीतला कोनाडा रिकामा केला. तिथं तिच्या लोणच्याच्या बरण्या असायच्या. लोडशेडिंगचं शफीला भय नव्हतं. ज्यानं उभा जन्म विजेची तारही न पोचलेल्या वाड्यांवर ट्रकच्या बॅटऱ्यांवर कीर्तनं वाजवली, त्याला वीज जाण्याचं काय? त्यानं दोन बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर जोडून दिला आणि डबा जो सुरू केला, तो बंद होऊ दिला नाही. आतला पंखा बारीक सूंऽऽ करत राहायचा. बानो म्हणायची, घरात कुणीतरी पाहुणा झोपलाय असं वाटतं.

मग ते काम सुरू झालं. कॅसेट जेवढ्या वेळाची, तेवढाच वेळ ती टेपवर फिरायची. घाई करून भागत नव्हतं. बानो कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून फितीवरची बुरशी पुसायची, शफी ती टेपवर चढवायचा, आणि मग दोघंही भिंतीला टेकून ऐकत बसायची. गुडघे दुखायचे म्हणून शफी पाय लांब करायचा, आणि बुवांचा आवाज सुरू झाला की ओढून घ्यायचा. कीर्तनात पाय पसरून बसायचं नसतं.

काय आवाज होता! गोड म्हणावा असा मुळीच नव्हता. खडबडीत, मधेच फाटणारा, रानातनं हाक आल्यासारखा. पण देवाचं नाव त्या आवाजात असं यायचं की वाटावं, हा माणूस आत्ताच भेटून आलाय. निरूपण रंगात आलं आणि मागच्या पोत्यांवर माना डुलायला लागल्या की बुवा एकदम थांबायचे. टाळ दोनदा वाजवायचे, टणं, टिणं, आणि विचारायचे, “हाय का कुणी जागं?” आणि सगळा मांडव म्हणायचा, “व्हय, बुवा!” कॅसेटीवर ते सगळं होतं. तो मांडव, त्यातली रडणारी पोरं, दूर भुंकणारं कुत्रं, आणि आता मरून गेलेल्या किती माणसांचं ते “व्हय”.

बानो भिंतीला टेकल्या टेकल्याच ओठ हलवायची. “व्हय, बुवा.”

काही फिती ऐकता ऐकताच तुटल्या. काहींवरचा रंग टेपच्या हेडला भुकटी होऊन चिकटला. एकदा ऐकून झालेली कॅसेट पुन्हा ऐकण्याजोगी राहत नव्हती. जणू तेवढ्यासाठीच ती तग धरून होती.

ओळखीपाळखीचे लोक विचारायला लागले. मार्गासनीचा गेनू जीपवाला कार्ड घेऊन दारात आला. “चाचा, बुवांचं काल्याचं कीर्तन घाला की ह्याच्यात. गाडीत लावतो.”

“आत्ता न्हाई. अजून साफ करायचंय. फितीची खरखर हाय, टाळाचा नाद हाय. चैत्रात सप्त्याला वसरी उघडणार. सगळ्यास्नी देणार, फुकट देणार.”

“खरखरीसकट द्या की. जीपच्या आवाजात काय कळतंय?”

“मला कळतंय ना,” शफी म्हणाला.

गेनू गेल्यावर बानो म्हणाली, “दिलं असतं तर काय बिघडलं असतं? त्यो एवढा लांबनं आला.”

“सारवल्याबगर का पंगत बसवायची?”

एकटी वनिता मात्र तिच्या वडिलांची कॅसेट भरून झाली त्याच दिवशी आली आणि जलसा खरखरीसकट उचलून घेऊन गेली. तिला थांबवायला शफीला जमलं नाही. ती दारातच रडायला लागली होती.

*

माघात शेवटची कॅसेट संपली. आता त्या बुरसटलेल्या, भुकटी सुटलेल्या खोक्यांचं काय करायचं? भंगारात देण्याचा विचारही शफीच्या मनात येऊ शकत नव्हता. त्या फितींवर देवाचं नाव होतं. त्याच्या वडिलांनी कुराणाची जीर्ण पानं नीरेच्या धारेला अदबीनं सोडली होती, ते त्यानं लहानपणी वडिलांचं बोट धरून पाहिलं होतं. मार्गासनीत झिजलेल्या पोथ्या गुंजवणीत सोडायचे, तेही त्याला ठाऊक होतं. त्यानं बुवांना निरोप पाठवला, आणि खोकी गेनूच्या जीपमध्ये घालून दोघं नवराबायको मार्गासनीला गेली.

वनिताला विचारावं असं कुणाच्या मनातच आलं नाही. हा कॉम्प्युटरचा विषय नव्हता.

नदीच्या काठावर बुवा आले, गळ्याला पंचा, हातात नारळ. सोबत त्यांच्या बायको अक्काबाई. बुवांनी खोक्यांना हळदकुंकू वाहिलं. एक कॅसेट उचलून बघितली. त्यावर शफीच्या तिरक्या अक्षरात गावाचं नाव होतं. ती त्यांनी कपाळाला लावली आणि परत ठेवली.

“ह्यातली येक मला ठेवू का वं?” अक्काबाईंनी मधेच विचारलं. “उशाला आसू दे म्हनलं.”

“आवो आक्का, ही मेलेली हायेत,” शफी म्हणाला. “बुवा आता डब्यात हायेत, ठणठणीत. तुमास्नी चैत्रात पेटीच आणून देतो, बटण दाबलं की बोलंल.”

अक्काबाईंनी हात मागं घेतला.

पाणी कमी होतं. कॅसेटी बुडाल्या, पण काही फिती सुटल्या आणि धारेबरोबर लांबच लांब पसरत गेल्या, काळ्याभोर, ओल्या केसांसारख्या. पलीकडच्या करंजाच्या झुडपांत जाऊन त्या गुंतल्या. बुवा हात जोडून उभे होते. परतताना त्यांनी शफीच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो चढण संपेपर्यंत काढला नाही.

*

फाल्गुन सरत आला होता. दुपारची वीज गेलेली. शफी बाजेवर आडवा झाला होता. हल्ली काम कमीच. लग्नांना पोरांना भिंतीएवढे डीजे लागत, शफीचे कर्णे माळ्यावर धूळ खात. ऊन पत्र्यावरून आत उतरत होतं. डोळा लागतो न लागतो, तोच त्याला ऐकू आलं.

टक्. टक्. टक्.

“पाल चुकचुकती,” बानो म्हणाली.

शफी उठून बसला. ज्या कानांनी मांडवाच्या दुसऱ्या टोकाला सैल झालेली वायर ओळखली, त्या कानांना पाल कळणार नाही होय? तो कोनाड्यापाशी गेला आणि डब्याला कान लावून उभा राहिला. टक्. टक्.

वनिता मिळेल त्या एसटीनं आली. झाकण काढलं, स्क्रीनवर बघितलं आणि श्वास सोडला.

“एक गेली. दुसरी चालू आहे. सगळं आहे, चाचा, सगळं आहे. उद्याच मी पुण्याहून नवी आणते. तोवर काही करू नका, हातही लावू नका.”

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं नवी डिस्क बसवली. आता जिवंत डिस्केनं स्वतःजवळचं सगळं नवीला द्यायचं होतं, पहिल्या कॅसेटीपासून शेवटच्यापर्यंत. संध्याकाळ होईल, ती म्हणाली. बानोनं चहा केला. तिघं कोनाड्यासमोर बसली. स्क्रीनवर एक निळी पट्टी होती, ती मुंगीच्या पावलानं पुढं सरकत होती.

“हे काम तिला जड असतं,” वनिता सहज बोलावं तसं म्हणाली. “रोज इतकं पळावं लागत नाही तिला.”

शफीनं मान हलवली. त्यालाही ते ऐकू येत होतं. पंख्याच्या सूंऽऽ खाली डिस्केचा एक बारीक धापेचा आवाज होता. तो मनात देवाचं नाव घेऊ लागला, आणि त्याला गंमत वाटली, की ते बुवांच्याच चालीत येत होतं.

पट्टी निम्म्याला आली नव्हती.

टक्.

वनितानं त्याच्याकडं पाहिलं. तिला ऐकू आलं नव्हतं. तिनं त्याच्या चेहऱ्यावरून ओळखलं.

टक्. टक्. टक्.

पट्टी थांबली.

वनिता बराच वेळ काहीबाही करत राहिली. बंद केलं, चालू केलं, वायरी बदलल्या, डिस्क काढून तळहातावर धरली. नवीवर जे अर्धवट उतरलं होतं, त्यातलं काहीच उघडेना. शेवटी मान वर न करता म्हणाली, “कॅसेट्स काढा, चाचा. पुन्हा भरू. मी येईन रोज क्लास सुटल्यावर.”

शफी जागचा उठला नाही.

“चाचा, कॅसेट्स कुठायत?”

बानोनं पदर तोंडाला लावला. “गुंजवणीत,” ती म्हणाली.

दोन्ही डिस्का घेऊन वनिता पुण्याला एका माणसाकडं गेली. असली मेलेली मशिनं उघडून बघणं हाच त्याचा धंदा होता. त्यानं उघडल्या आणि आतल्या चकत्या तिला दाखवल्या. दोन्हींवर एकाच जागी, एकसारखे ओरखडे. सुई घासून घासून आतला पत्रा उघडा पडला होता. एका घाण्यातल्या आहेत, तो म्हणाला, ह्या घाण्याच्या बऱ्याच आल्या माझ्याकडं.

परत येऊन तिनं हे शफीला सांगितलं तेव्हा ती त्याच्याकडं बघत नव्हती. “मी जोर धरायला हवा होता. बॅच थांबली होती म्हणून…” आणि मग, फार हळू, “बाबांचं तेवढं माझ्याकडं आहे.”

“बरं झालं,” शफी म्हणाला. ते तो मनापासून म्हणाला. “आनंदराव तरी ऱ्हायला.”

*

बुवांना सांगायला तो एकटा गेला. गुंजवणीच्या पुलावर त्यानं गेनूला जीप थांबवायला सांगितली. करंजाच्या झुडपांत फिती अजून अडकलेल्या होत्या. उन्हानं आणि पाण्यानं त्यांचा रंग गेला होता. नुसत्या पारदर्शक पट्ट्या वाऱ्यावर हलत होत्या. “उतरायचंय का, चाचा?” गेनूनं विचारलं. शफीनं नको म्हणून हात केला.

बुवा ओसरीवर बसून टाळांची दोरी बदलत होते. अक्काबाई सुपात हरभरा पाखडत होत्या. शफीनं चपला काढल्या, पाणी प्याला आणि भांडं खाली ठेवायच्या आतच सांगून टाकलं. फार शब्द लागले नाहीत.

सूप थांबलं.

“मंजी न्हाईच काय?” अक्काबाई म्हणाल्या. “येकबी?”

“न्हाई, आक्का.”

“त्यो कापूरव्हळचा सप्ता? काल्याचं? ज्यात ह्यास्नी ठसका लागला व्हता आन पुन्यांदा उठलं व्हतं?”

“न्हाई.”

“म्या म्हनलं व्हतं,” त्या म्हणाल्या. सूप पुन्हा सुरू झालं, पण आता त्यांच्या हाताला ताल नव्हता. हरभरा सुपाबाहेर सांडत होता.

“जोडी सारखी पायजे म्हनून मीच अडून बसलो, बुवा,” शफी म्हणाला. “पोरीनं आनली व्हती येगळी. मीच परत धाडली.”

बुवांची बोटं थांबली नव्हती. दोरीला त्यांनी गाठ मारली, दातानं ओढून बघितली. मग ते टाळ हातात धरून नुसते बसून राहिले. पंच्याखालून त्यांचा श्वास ऐकू येत होता, आत, बाहेर, खरखरत. शफीला वाटलं, आता हे एवढंच. ह्यांच्या गळ्यातलं एवढंच उरलं.

बऱ्याच वेळानं बुवांनी मान वर केली. शफीकडं बोट केलं, मग मूठ तोंडासमोर धरली, आणि भुवया उंचावल्या.

शफीला कळलं नाही. अक्काबाईंनी डोळे पुसले. “सप्त्याला माईक आणनार का, इचारत्यात.”

“गावानं डीजेवाला ठरवलाय म्हनत्यात की.”

बुवांनी हातानं उडवून लावलं. पुन्हा शफीकडं बोट केलं.

“आनतो, बुवा.”

*

चैत्रातला सप्ताह. पहिल्या दिवसाचं कीर्तन, दिवेलागणीची वेळ. डीजेवाल्याचं सामान शेवटच्या दिवशी येणार होतं. तोवर देवळाच्या शिखराला शफीचे जुने दोन कर्णे बांधलेले. शफीनं मांडवाच्या कडेला पोतं अंथरलं, ॲम्प्लिफायर मांडला, आणि सवयीनं टेप काढायला पिशवीत हात घातला. पिशवीत टेप नव्हता. त्यानं हात तसाच बाहेर काढला आणि मांडीवर ठेवला.

कीर्तनाला बुवांचाच एक चेला उभा राहणार होता. गोड गळ्याचा पोरगा. मागं टाळकऱ्यांची ओळ लागली, आणि त्या ओळीत, टोकाला, सर्जेराव बुवा येऊन उभे राहिले. धुवट धोतर, गळ्याला पंचा, त्यावरून टाळांची नवी दोरी. मांडवातल्या माना तिकडं वळल्या. जे माणूस उभी हयात ओळीच्या पुढं उभं राहिलं, ते मागं उभं होतं.

शफी उठला. त्याच्याकडं जादा माईक एकच होता. गुडघ्यावर हात देत, वायर सोडवत तो ओळीच्या टोकापर्यंत आला आणि बुवांसमोर दांडा उभा केला. त्याचे हात आपोआप दांडा वर घेत होते, बुवांच्या तोंडाच्या उंचीला. इतकी वर्षं तीच खूण हातात बसली होती. अर्ध्यावर तो थांबला. मग खिट्टी सैल करून त्यानं दांडा खाली घेतला, आणखी खाली, छातीपर्यंत, जिथं टाळ होते. खिट्टी आवळली. बुवा त्याच्याकडं बघत होते. त्यांनी मान हलवली.

कीर्तन रंगलं. पोरगा चांगला होता. पण दिवसभराच्या कामानं दमलेली माणसं ती. निरूपण लांबलं तसं मागच्या पोत्यांवर माना डुलायला लागल्या. पोरगा श्वास घ्यायला थांबला.

त्या थांबण्यात बुवांनी टाळ उचलले. दोनदा वाजवले.

टणं. टिणं.

एक चढा, एक उतरता. शिखरावरच्या कर्ण्यांतून तो वेडावाकडा नाद सगळ्या मार्गासनीवर गेला.

डुलणाऱ्या माना वर झाल्या. आणि मग बायकांच्या बाजूनं, मागून कुठून तरी, अक्काबाईंचा आवाज आला. “व्हय, बुवा.”

मग दुसरं कुणी. मग सगळा मांडव.

शफीचा हात बटणावर गेला होता. इतक्या वर्षांची खोड ती. बोटांना बटणाच्या खाचा लागल्या. त्यानं हात काढून घेतला, पाय ओढून नीट मांडी घातली, आणि टाळ जसे वाजत होते तसे वाजू दिले.